प्रथमोपचार : पुरावा किती, परिपाठ किती?

यंदाच्या स्मरणिकेसाठी प्रथमोपचारावर काही लिहावे असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा त्यात नवीन ते काय लिहायचे, असा प्रश्न प्रथम मनात आला. भाजले तर काय करावे, घशात काही अडकले तर काय करावे, याचे तक्ते शाळाशाळांच्या भिंतींवर आहेत, दिनदर्शिकांच्या पाठीमागे आहेत आणि आपल्या मंडळानेही असा एक तक्ता बडोद्यातील शाळांतून अनेक वर्षे वाटला आहे. लेखाच्या निमित्ताने तोच तक्ता समोर घेऊन बसलो आणि त्यातील प्रत्येक वाक्यापुढे ‘हे कशावरून?’ एवढेच पेन्सिलीने लिहीत गेलो. कागद खुणांनी भरला. त्या खुणांतील काहींची उत्तरे समाधानकारक मिळाली, काहींची मिळाली नाहीत. आणि काही ठिकाणी तर गेल्या पन्नास वर्षांत उत्तर दोनदा बदलल्याचे आढळले.

आपण डॉक्टर मंडळी एरवी पुराव्याबाबत फार काटेकोर असतो, निदान तसे समजतो. एखादे नवे प्रतिजैविक घेऊन औषध कंपनीचा प्रतिनिधी आला, तर त्याला चाचणी कोठे झाली, रुग्ण किती होते, तुलना कशाशी होती, हे आपण विचारतो. परंतु तोच डॉक्टर सभेत प्रथमोपचारावर बोलण्यास उभा राहिला की त्याच्या वाणीस आप्तवाक्याचा दर्जा येतो. पुरावा नाममात्र असलेली सूचना आणि हजारो रुग्णांवर पडताळलेली सूचना एकाच सुरात सांगितल्या जातात. माझा आक्षेप नेमका या सुरास आहे.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने मान्य केली पाहिजे. प्रथमोपचाराचे शास्त्रशुद्ध परीक्षण करणे स्वभावतःच कठीण आहे. अपघात स्वयंपाकघरात, शेतात, रस्त्यावर घडतो. तेथे संशोधक हजर नसतो. घशात शेंगदाणा अडकलेल्या मुलांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडावेत आणि एका गटास काहीच करू नये, हे कोणतीही नीतिसमिती मान्य करणार नाही आणि करूही नये. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २००३ च्या नाताळ अंकात एक विनोदी लेख छापला होता. पॅराशूटने जीव वाचतो याची एकही यादृच्छिक तुलनात्मक चाचणी उपलब्ध नाही, तेव्हा पुराव्याचा हट्ट धरणाऱ्यांनी पॅराशूटशिवाय उडी मारून दाखवावी, असा त्याचा आशय. तो लेख आपल्यापैकी अनेकांनी भाषणांत वापरला आहे. त्याचे उत्तर त्याच नियतकालिकात २०१८ मध्ये आले, ते मात्र कमी जणांना ठाऊक आहे. काही संशोधकांनी खरोखरच तशी चाचणी घेतली. २३ जणांनी विमानातून उड्या मारल्या आणि पॅराशूट असणे व नसणे यांत काही फरक आढळला नाही. विमान जमिनीवर उभे होते आणि उडीची सरासरी उंची होती ०.६ मीटर! चाचणी नाही म्हणून ज्ञान नाही असे नव्हे, आणि चाचणी आहे म्हणून ज्ञान आहे असेही नव्हे, हे या दोन लेखांच्या जोडीने जितके चांगले कळते तितके कोणत्याही पाठ्यपुस्तकाने कळत नाही.

निरनिराळ्या देशांतील पुनरुज्जीवन परिषदांनी १९९२ मध्ये एकत्र येऊन एक आंतरराष्ट्रीय समिती स्थापन केली. ही समिती प्रत्येक सूचनेमागील पुरावा तपासून त्याची प्रतवारी करते. तिच्या अहवालांत एक वाक्यप्रयोग वारंवार भेटतो : शिफारस ठाम, पुराव्याची खात्री अत्यल्प. प्रथमदर्शनी हा वदतोव्याघात वाटतो. परंतु उपाय निरुपद्रवी असेल, फुकट असेल आणि न केल्यास मोठी हानी संभवत असेल, तर अल्प पुराव्यावरही ठाम शिफारस करता येते. अडचण इतकीच, की तो अहवाल तक्त्यावर उतरेपर्यंत ‘शिफारस ठाम’ एवढेच उरते आणि उरलेले अर्धे वाक्य वाटेत गळून पडते.

भाजण्यापासून सुरुवात करतो. माझ्या दवाखान्यात दिवाळीच्या फटाक्यांपेक्षा उकळता चहा आणि आंघोळीचे कढत पाणी यांनी भाजलेली मुले अधिक येतात. ती येतात तेव्हा त्यांच्या अंगावर बहुधा काहीतरी लावलेले असते : टूथपेस्ट, हळद, कणीक, बटाट्याचा कीस, निळी शाई, तूप. हे सर्व काढून खालची जखम पाहणे हेच पहिले काम होऊन बसते. पाणी मात्र क्वचितच घातलेले असते आणि घातले असले तरी एखादा मिनिट. ‘पाण्याने फोड येतात’ ही समजूत अद्याप जिवंत आहे.

आता पाण्यासंबंधीचा पुरावा पाहा. डुकराची त्वचा माणसाच्या त्वचेशी बरीच मिळतीजुळती असल्याने ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी तिच्यावर क्रमाने प्रयोग केले. थंड पाणी पाच मिनिटे, दहा मिनिटे, वीस मिनिटे, तीस मिनिटे घालून पाहिले. वीस मिनिटांचा परिणाम सर्वांत चांगला दिसला. वाहते पाणी आणि ओले फडके यांची तुलना केली. वाहते पाणी सरस ठरले. बर्फाने लाभ झाला नाही. कोरफड आणि लाळ यांचीही परीक्षा झाली. कोरफडीने त्वचेचे तापमान थोडे उतरले, पण जखम भरून येण्यात फरक पडला नाही. हे सर्व झाले प्राण्यांवर. त्यानंतर २०२० मध्ये क्वीन्सलँडमधील २,४९५ भाजलेल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याचा उपचार मिळाला होता, त्यांच्यात त्वचारोपणाची वेळ येण्याची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळली आणि भाजल्यापासून तीन तासांच्या आत पाणी घातले तरी लाभ दिसून आला. ही यादृच्छिक चाचणी नव्हे. तत्परतेने पाणी घालणारी कुटुंबे अन्य बाबतींतही दक्ष असू शकतात, ही शंका रास्त आहे. तरीही प्राण्यांवरील प्रयोग, माणसांवरील निरीक्षण आणि साधे पदार्थविज्ञान हे तिन्ही एकाच दिशेने बोट दाखवितात, तेव्हा माझ्या मते बालरोगतज्ज्ञाने हात आखडता घेण्याचे कारण नाही. प्रथमोपचारातील इतका पक्का पुरावा दुसऱ्या फार थोड्या सूचनांना लाभला आहे. आणि दैवदुर्विलास असा, की आपल्याकडे सर्वांत कमी पाळली जाणारी सूचना हीच.

मात्र क्वीन्सलँडची सूचना जशीच्या तशी बडोद्यास आणता येत नाही. मे महिन्यात आपल्या गच्चीवरील टाकीतून दुपारी दोन वाजता नळाला येणारे पाणी कसे असते, हे मी बडोदेकरांना सांगावयास नको. त्या पाण्याने हात धुववत नाही. ‘नळाखाली धरा’ हा उपदेश उन्हाळ्यात निरर्थक आहे, कदाचित अपायकारकही. अशा वेळी जमिनीखालच्या टाकीतील किंवा माठातील पाणी मगाने संथपणे, खंड न पाडता ओतत राहावे, असे मी पालकांस सांगतो. मगाने ओतलेले पाणी नळाच्या धारेइतकेच गुणकारी ठरते का, याची परीक्षा झालेली नाही. हा माझा अंदाज आहे आणि अंदाज म्हणूनच मी तो सांगतो. लहान अर्भक असेल आणि भाजलेला भाग मोठा असेल, तर वीस मिनिटांच्या पाण्याने बाळ गारठू शकते; तेथे भाजलेल्या जागेवरच पाणी घालून उरलेले अंग कोरड्या कपड्यात गुंडाळून ठेवावे.

घशात काही अडकण्याचा इतिहास याहून मनोरंजक आहे, आणि काहीसा खेदजनकही. आपल्या घरांत मुलाला ठसका लागला की आजी दोन गोष्टी करीत असे. ‘कोण रे आठवण काढतंय?’ असे म्हणे आणि पाठीत एक धपाटा घाली. पाश्चात्त्य देशांतही पाठीवरील थापाच शिकविल्या जात. १९७४ मध्ये अमेरिकन शल्यचिकित्सक हेन्री हाईम्लिक यांनी पोटावर झटका देण्याची पद्धत सुचविली. तिने अनेकांचे प्राण वाचल्याच्या हकिकती येऊ लागल्या. परंतु हाईम्लिक तेवढ्यावर थांबले नाहीत. पाठीवरील थापा प्राणघातक आहेत, अडकलेली वस्तू त्यामुळे आणखी खोल जाते, असा प्रचार त्यांनी चालविला आणि अशा थापांना ‘मृत्यूचे फटके’ म्हटले. १९८५ मध्ये अमेरिकेचे सर्जन जनरल सी. एव्हरेट कूप यांनी त्यांची बाजू उचलून धरली आणि अमेरिकन सूचनांतून मोठी माणसे व एक वर्षावरील मुले यांच्यासाठी पाठीवरील थापा हद्दपार झाल्या. ज्या संशोधनाचा आधार त्यासाठी प्रामुख्याने घेतला गेला, त्याला काही अंशी हाईम्लिक यांच्याच प्रतिष्ठानाचे अर्थसाह्य होते, हे मागाहून उजेडात आले.

गंमत अशी, की युरोपने पाठीवरील थापा कधी सोडल्याच नाहीत. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या सूचनांत पोटावरील झटक्यालाच स्थान नाही; तेथे पाठीवर थापा आणि छातीवर दाब शिकवितात. म्हणजे एकच मूल, एकच शेंगदाणा, आणि तीन खंडांत तीन शास्त्रे! अमेरिकन रेडक्रॉसने २००६ मध्ये पाच थापा व पाच झटके असा क्रम परत आणला. कॅनडातील अलीकडच्या एका निरीक्षणात्मक अभ्यासात पाठीवरील थापा पोटावरील झटक्यांपेक्षा सरस दिसल्या. आणि अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२५ च्या सूचनांत मोठ्यांसाठी व मुलांसाठी प्रथम पाठीवर पाच थापा, नंतर पोटावर पाच झटके, असा क्रम आला. एक वर्षाखालील बाळाच्या पोटावर झटका देऊ नये, कारण त्या वयात यकृत बरगड्यांबाहेर उघडे असते. त्याच्या पाठीवर पाच थापा व छातीवर पाच दाब द्यावेत. चाळीस वर्षांनी आजीचा धपाटा सन्मानपूर्वक परत आला, पण याचा अर्थ आजीला पुरावा ठाऊक होता असा नव्हे. अर्थ इतकाच, की धपाटा काढून टाकण्यासाठीही पुरेसा पुरावा नव्हता. आजीच्या धपाट्यात एक दोष होताच : मूल जोराने खोकत असताना तिने तो घालू नये. खोकणारे मूल स्वतःचा प्रथमोपचार स्वतःच करीत असते. आवाज बंद झाला, खोकल्यात जोर उरला नाही, ओठ निळसर होऊ लागले की मग आपली पाळी. आणि दिसत नसलेली वस्तू काढण्यासाठी तोंडात बोट कधीही घालू नये.

तापातील झटक्यांविषयी थोडक्यात. सहा महिने ते पाच वर्षे या वयोगटातील शंभरांतील दोन ते पाच मुलांना असा झटका एकदा तरी येतो. त्यावेळी कांदा फोडून हुंगविणे, चामड्याची चप्पल नाकाशी धरणे, दातखिळी उघडण्यासाठी चमचा घालणे, हे उपचार सुशिक्षित घरांतही होतात आणि ‘डॉक्टर, कांद्यानेच थांबलं’ असे मला आजही ऐकविले जाते. बहुतेक झटके काही मिनिटांत आपोआप थांबतात. स्वयंपाकघरात जाऊन कांदा शोधावा, फोडावा, घेऊन यावे, इतक्यात तेवढा वेळ गेलेला असतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडावी, तसा हा निखळ काकतालीय न्याय आहे. कांदा बिचारा निरुपद्रवी आहे, चमचा नाही; त्याने दात तुटतात, जीभ फाटते, तुकडा श्वासनलिकेत जातो. मुलाला कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे, पाच मिनिटे उलटली तर रुग्णालयाचा रस्ता धरावा. आता प्रामाणिकपणे सांगावयाचे तर ‘कुशीवर वळवा’ या सूचनेमागेही मोठा अभ्यास नाही. लाळ व उलटी बाहेर यावी हा शरीररचनेवरून केलेला तर्क आहे. मला तो पटतो. परंतु तो तर्क आहे.

बुडालेल्या मुलाचा विषय या शहरात हलक्या हाताने मांडता येत नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणीच्या तलावात सहलीची नाव उलटून बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका दगावल्या. ती दुर्घटना प्रथमोपचाराच्या अभावी घडली, असे मी मुळीच म्हणत नाही. जीवरक्षक जाकिटे, नावेची क्षमता, देखरेख हे तिचे विषय. पण त्यानंतर शाळांकडून प्रशिक्षणाची मागणी आली आणि आपण जे शिकवितो ते योग्य आहे का, हा प्रश्न मला तेव्हा प्रथम जोराने टोचला. कारण आजकाल वर्गांत शिकविला जातो तो बहुधा केवळ छातीदाब. त्याला कारणे आहेत. बंद छातीवरून हृदयास दाब देण्याची पद्धत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्समधून १९६० मध्ये पुढे आली. तोंडाने श्वास देण्याच्या भीतीने लोक काहीच करीत नाहीत असे अनुभवास आल्यावर ‘फक्त हात’ ही सोपी मोहीम २००८ मध्ये अमेरिकेत निघाली आणि आपल्याकडेही सामान्यजनांना तेच शिकविले जाऊ लागले. रस्त्यात कोसळणाऱ्या साठीच्या गृहस्थासाठी ते ठीक आहे. त्याचे हृदय थांबलेले असते, रक्तात प्राणवायू शिल्लक असतो. मुलाचे हृदय बहुधा प्राणवायू संपल्यामुळे थांबते. जपानमध्ये रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्या ५,१७० मुलांची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये २०१० साली प्रसिद्ध झाली. ज्यांत कारण हृदयाचे नव्हते, त्या मुलांपैकी छातीदाब व श्वास दोन्ही मिळालेल्यांत ७.२ टक्के मुले मेंदूस विशेष इजा न होता वाचली. केवळ छातीदाब मिळालेल्यांत १.६ टक्के. शिक्षक, पालक, पोहण्याच्या तलावावरील कर्मचारी यांना श्वास देणे शिकविलेच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. बुडालेल्याला खांद्यावर घेऊन फिरविणे, पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार तर तक्त्यावर ‘करू नका’ म्हणून ठळक छापावेत. पोटातील पाणी काढता काढता मेंदूची मिनिटे संपतात.

सर्पदंशाबाबत काय करू नये याचा पुरावा चांगला आहे, काय करावे याचा मात्र क्षीण. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले असा अंदाज आहे, म्हणजे वर्षाकाठी सरासरी ५८ हजार. जखम कापणे, चोखणे, घट्ट बंध बांधणे हे त्याज्य ठरले आहे. विष शोषून घेणाऱ्या एका यंत्राची २००४ मध्ये कृत्रिम विष टोचून तपासणी झाली. त्याने रक्तमिश्रित द्रव ओढला, विष जवळजवळ नाहीच. ऑस्ट्रेलियात १९७९ मध्ये निघालेली, संपूर्ण अवयवास पट्टी गुंडाळून दाब देण्याची पद्धत तेथील चेताविषारी सापांसाठी उपयुक्त ठरली; आपल्याकडील घोणस व फुरसे दंशाच्या जागीच मांस कुजवितात, म्हणून ती येथे सरसकट वापरू नये असा तज्ज्ञांचा कौल आहे. उरते ते एवढेच : धीर देणे, अवयव हलू न देणे, तातडीने रुग्णालयात नेणे. ‘हलू न देणे’ यामागे तर्क आहे, चाचणी नाही. सिद्ध उपचार एकच, तो म्हणजे प्रतिविष, आणि ते रुग्णालयात असते. म्हणून गुजरातेत २००७ पासून सुरू असलेली १०८ ही सेवाच माझ्या दृष्टीने येथील खरा प्रथमोपचार होय.

बंधावरून आठवले. सर्पदंशात वर्ज्य असलेला तोच घट्ट बंध, हातापायातून न थांबणारा रक्तस्राव होत असेल तर जीवरक्षक ठरतो. कित्येक दशके तो तेथेही निषिद्ध होता. इराक युद्धातील शल्यचिकित्सकांच्या नोंदींनी त्याचे पुनर्वसन केले. उत्तरायणात मांज्याने गळा कापला गेला तर मात्र बंधाचा प्रश्नच नाही. तेथे स्वच्छ कापडाने थेट दाब, आणि कापड उचलून वारंवार न पाहणे, एवढेच. विषबाधेत मिठाचे पाणी पाजून उलटी करविण्याची हौस अजून आहे. अमेरिकेत उलटीचे औषध घरात ठेवण्याचा सल्ला खुद्द बालरोगतज्ज्ञांची संघटनाच देत असे. लाभ दिसत नाही म्हणून तिने २००३ मध्ये तो मागे घेतला. मिठाच्या पाण्याने तर मूल विषाऐवजी मिठानेच दगावू शकते, आणि रॉकेल प्यायलेल्या मुलाला उलटी करविणे म्हणजे ते रॉकेल फुप्फुसात ढकलणे होय.

एवढे वाचून एखादा वाचक म्हणेल, ‘मग पुराव्याचा आग्रह आम्ही सामान्य व्यावसायिकांनी कशाला धरावा? ते काम मोठ्या संस्थांचे.’ येथे दोन उदाहरणे मला महत्त्वाची वाटतात आणि दोन्ही आपल्याच देशातील आहेत. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली, शिरेतून द्यावयाचे द्रव संपत आले, तेव्हा दिलीप महालनबीस या बालरोगतज्ज्ञाने मीठ-साखरेचे मोजलेले पाणी पिंपांतून लोकांच्या स्वाधीन केले आणि नातेवाइकांकडूनच ते पाजविले. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते ३.६ टक्क्यांवर आले. चिठ्ठ्या टाकलेल्या नव्हत्या, पण मोजदाद होती. आणि जगातील अत्यंत परिणामकारक घरगुती प्रथमोपचार त्या मोजदादीने सिद्ध झाला. दुसरे उदाहरण महाडचे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांची ग्रामीण भागात राहून वर्षानुवर्षे नोंद ठेवली, प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला, आणि २०११ मध्ये प्राझोसिन एकटे व प्रतिविषासह, अशी यादृच्छिक चाचणी महाडमधूनच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली. दोघांजवळही समान होती ती नोंदवही.

म्हणून मंडळापुढे माझी सूचना अशी आहे. आपला तक्ता पुन्हा छापावयाचा असेल तर त्यातील प्रत्येक सूचनेपुढे एक वर्तुळ छापावे. माणसांवर पडताळलेल्या सूचनेपुढे भरीव, प्राण्यांवरील प्रयोगांवर अथवा अप्रत्यक्ष पुराव्यावर आधारलेलीपुढे अर्धे, आणि केवळ तर्क व अनुभव यांवर उभ्या असलेलीपुढे रिकामे. मीठ-साखरेच्या पाण्यास आणि भाजण्यावरील वाहत्या पाण्यास मी भरीव वर्तुळ देईन. मुलांना श्वास देण्यासही. घशात अडकण्याच्या सूचनेस अर्धे. झटका आलेल्या मुलास कुशीवर वळविणे आणि सर्पदंशात अवयव स्थिर ठेवणे यांपुढे रिकामे वर्तुळ येईल, आणि तरीही त्या दोन्ही सूचना तक्त्यावर राहतील, कारण रिकाम्या वर्तुळाचा अर्थ ‘करू नका’ असा नाही.

याला कार्यकारिणीत विरोध होईल, याची मला कल्पना आहे. लोक गोंधळतील, वर्तुळे पाहत बसतील आणि मूल राहील बाजूला, असे एक ज्येष्ठ सहकारी मला आधीच म्हणाले. आणीबाणीच्या क्षणी कोणी तक्ता वाचत नाही, हे खरे. तो वाचला जातो शांतपणे, आधी. आणि लोकांचा गोंधळ खरा कशाने होतो? आज ‘कधीही करू नका’ म्हणून सांगितलेले दहा वर्षांनी ‘अवश्य करा’ म्हणून सांगावे लागते, त्याने होतो. पाठीवरील थापांच्या बाबतीत अमेरिकेत नेमके हेच घडले. पहिल्यापासून ‘सध्या एवढेच कळते’ असे म्हटले असते, तर सूचना बदलताना कोणाचाही विश्वास ढळला नसता. दुसरी भीती कायद्याची. त्याबाबत निदान कागदोपत्री स्थिती स्वच्छ आहे : सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा निर्णय आणि मोटार वाहन कायद्यातील २०१९ ची दुरुस्ती यांनी रस्ता अपघातात सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे. हे वाक्यही तक्त्याच्या तळाशी छापावे. त्याला वर्तुळाची गरज नाही.

दुसरी सूचना नोंदीची. आपल्या सभासदांपैकी वीस जणांनी जरी भाजून येणाऱ्या प्रत्येक मुलाची एक पानी नोंद वर्षभर ठेवली, तरी मगाने ओतलेल्या पाण्यासंबंधी आज कोठेही नसलेली माहिती बडोद्यात जमा होईल. नमुना मी मराठी व गुजरातीत तयार केला आहे : भाजल्याची वेळ, कशाने भाजले, अंगावर काय लावले, पाणी घातले असल्यास नळाचे की मगाने आणि किती मिनिटे, दवाखान्यात पोहोचल्याची वेळ, तीन आठवड्यांनंतर जखमेची स्थिती. उन्हाळ्यातील नोंदींसाठी एक रकाना अधिक ठेवला आहे, पाणी गच्चीवरील टाकीचे होते की माठाचे. मंडळाच्या पुढील मासिक सभेत त्याच्या प्रती घेऊन येईन.